अडतीस भाषांचे फादर आणि माझा भटू

...अडतीस भाषा! अडतीस येतात म्हणे आमच्या फादरना! पेपरात फोटोसकट आलं होतं. मी चौथी शिकलेली बाई, पण तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, मोजल्या कोणी? सुरतेचे एक प्रोफेसर म्हणाले, बाराच असतील. त्यांच्याशी तर मीच भांडले! नऊ वर्षं या माणसाच्या भाकरी थापतेय मी, आणि रोज आमच्या अहिराणीत विचारतात, "जेवण जयं का? पाऊस कसा शे? ढोरं बरी शेत ना?" इतकं तर माझा नवराही विचारत नाही, तुम्हाला सांगते!

तर माझा भटू धडगावच्या रस्त्यावर जीप चालवायचा, त्यानं तिथलीच पावरा आदिवासी पोरगी पसंत केली. बोलणी करायला डोंगरात जायचं ठरलं. भटू म्हणाला, "माय, मी बोलस ना, माले पावरी येस." मी म्हटलं, "तू चूप बैस! फादरले अडतीस भाषा येतस!"

फादरना घेऊन गेलो. पोरीचा बाप आमशा, भोवती गावचे दहा-बारा म्हातारे. फादरनी तोंड उघडलं आणि काय सांगू, खरंच पावरीत बोलले! म्हातारे खूश, पाणी काय, कोंबडी काय! मग आमशा जो बोलायला लागला तो पाऊण तास... फादरनी डोळे मिटले, मान हलवली. परत हलवली. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात अडतीस भाषा! आणि भटू? गालातल्या गालात हसत होता मेला!

घाट उतरताना विचारलं, "काय ठरनं रे?"

"माय, त्यास्मा रीत शे. जावई सासराकडे ऱ्हाईसन शेती करस. सात वरीस. फादर हो म्हणनात."

"आन् पहिले फादर काय बोलनात?"

"जेवण जयं का, पाऊस कसा शे, ढोरं बरी शेत ना."

नऊ वर्षं, हो! नऊ वर्षं मला ती आपुलकी वाटत होती!

"तुले समजी ऱ्हायंतं, तं बोलना का नही?"

"तूच तं चूप बैस म्हणनी!"

झालं. भटू गेला डोंगरात, आमचं शेत पडलंय ओस. परवा फादरच्या स्वयंपाकघरात परातच आपटली मी. "मन्हा एकुलता पोऱ्या सात वरीस तठे! आते तुम्हीच जा आनि त्यास्ले नही सांगी या!"

फादरनी डोळे मिटले. मान हलवली. म्हटलं, आता बोलतात, अडतिसातली एखादी तरी कामाला येईल...

"पाऊस कसा शे?"

काय करता? म्हटलं, "बरा शे, फादर." आणि भाकरी वाढली.