डाव्या हाताची नाडी

खामगावच्या स्टँडवर तान्हं पदराखाली घेऊन चांगुणा बुलढाण्याच्या यष्टीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर मुंबईहून परतलेलं जोडपं बसलं होतं. बाईच्या मानेला पांढरी पट्टी होती.

"अवो, हात धरून तर पाहा. डॉक्टरनं मानेच्या शिरेपासून खांद्यापर्यंत नळी जोडली. आता नाडी लागते."

"राहू दे व मंजुळा, लोक पाहून राह्यले."

"तवा नाई लाजले? दळता दळता मी पडली, अन् वैद्यबोवानं बाईचा म्हणून डावाच हात पाह्यला. नाडी नाई, गेली म्हणे."

"खांद्यातली शीर बुजली, हे त्याले काय माहीत?"

"तुमी तोंडात तुळशीचं पाणी घातलं. मले समदं ऐकू येत होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"पाणी गोड लागत होतं."

चांगुणानं तान्ह्याला जवळ ओढलं.

"गोदीले आजीनं सांगतलं, माय मेली, उठली ते दुसरीच. लेकरू जवळ येत नाई माह्या. आता तिले हा जिता हात दाखवीन. धरा ना!"

त्यानं धरला आणि लगेच सोडला.

"काऊन हो?"

"गरम हाय व."

"जित्या माणसाचा गरमच राह्यते."

"तुया हा हात कधीच गरम नव्हता. ताप आला का गोदी हाच थंडा हात कपाळावर मागे. यावरूनच तर तुले वळखे ते."

यष्टी लागली. तो गाठोडं घेऊन चढला. मंजुळा मात्र पाणपोईवाल्यापुढे डावा हात करून उभी होती.

"ओता बावा, अजून ओता. अजून गरमच हाय."