मेव्हणीचं मऊ प्रवाळ

...आणि वर मलाच सांगतात, टाकीत हात घालू नका! अहो, टाकी माझी, पाणी माझं, त्यात मीठ मापून घालणारा मी, आणि हात घालायचा नाही? दहा वर्षं घरात समुद्री माशांची, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी सांभाळतोय, कोपरापर्यंत हात कायम सुरकुतलेले, बँकेत सही करताना कागद ओला होतो. तुम्हाला म्हणून सांगतो, मला यातलं कळतं.

झालं काय, माझी धाकटी मेव्हणी कामासाठी तीन आठवडे बाहेरगावी निघाली आणि जाताना तिचं प्रवाळ आमच्याकडे सोडून गेली. प्रवाळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दागिन्यातलं पोवळं आलं असणार. हे तसलं नाही हो, हे मऊ असतं, जिवंत, बशीएवढी छत्री आणि तिच्यावर शेकडो बारीक बोटं पाण्यात नुसती डुलत असतात... नखाएवढा तुकडा आणला होता तिनं, सहा वर्षं वाढवला. बादली माझ्या हातात देताना तिचे डोळे भरून आले. "भावोजी, जपाल ना?" म्हटलं, तू निर्धास्त जा गं, मला यातलं कळतं.

तीन दिवस झकास गेले. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बघतो तर सगळी बोटं आत, छत्री आक्रसलेली आणि वर मेणचट साय. हे गेलं तर त्या पोरीला तोंड कसं दाखवू? मीठ ज्याच्याकडून घेतो त्या दुकानदाराला फोन लावला. तो कायम तोंडात काहीतरी चघळत बोलतो, "शायेब, कात टाकतंय ते, आठ-दहा दिवशांत उघडेल, काही करू नका." आता हा काय सल्ला झाला? काहीच करायचं नसेल तर माणूस टाकी ठेवेल कशाला?

मग लागलो कामाला. दिवा वर घेतला, उघडलं नाही. खाली घेतला, उघडलं नाही. पंप जोरात करून पाहिला, हळू करून पाहिला, डावीकडच्या दगडावरून उजवीकडे नेलं, तिथून मधे, मधून पुन्हा डावीकडे, शेवटी दाढीचा नवा ब्रश आणून ती साय काढायला गेलो... हात लागला की ते आणखी अंग चोरून घ्यायचं. बायको म्हणाली, "अहो, तुमचं डोकं दुखत असताना कोणी तुमची खाट घरभर फिरवली तर चालेल तुम्हाला?" म्हटलं, तू यात पडू नकोस, मला यातलं कळतं.

बाराव्या दिवशी ते सुकलेल्या लिंबाएवढं झालं होतं. मला घास उतरेना. टाकीसमोर स्टूल टाकून बसायचो आणि मनातल्या मनात मेव्हणीशी बोलायचो, की बाई, सगळं केलं गं मी. आणि त्यातच ताप भरला, चांगला एकशे तीन. सहा दिवस आतल्या खोलीत आडवा. बायकोनं टाकीकडे फिरकू दिलं नाही. मी पांघरुणातून सांगायचो, "दिवा जरा खाली घे." ती बाहेरून म्हणायची, "घेतला हं." मला काय कळत नाही? जागची हललेलीसुद्धा नसायची, शेंगा सोलल्याचा आवाज यायचा मला.

सातव्या दिवशी भिंत धरत बाहेर आलो. साय कुठल्या कुठे गेलेली, छत्री फुललेली, आणि शेकडो बोटं डुलतायत. रडलो हो मी. अशक्तपणाही होता म्हणा.

मेव्हणी आली ती थेट टाकीपुढे जमिनीवर बसली. "अगंबाई, किती छान फुललंय. काय केलंत तरी काय, भावोजी?" मी घसा साफ केला, दिव्याची उंची, पंपाचा जोर, मिठाचं प्रमाण, सगळं नीट समजावून सांगायला बसलो, म्हटलं, हे बघ, मला यातलं... तेवढ्यात बायको म्हणाली, "आजारी होते ते सहा दिवस." एवढंच. मग दोघी बहिणी स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटून घेतलं, आणि दहा मिनिटं नुसती कुजबुज.

तर ठरलंय ते असं. पुढच्या महिन्यात मेव्हणी पुन्हा बाहेरगावी जातेय. प्रवाळ आमच्याकडे राहील, आणि मी तिच्या रिकाम्या घरी.