एक माणूस जास्त

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान मुख्य अभियंतासाहेब, पाणीपुरवठा खात्यातले माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेत बसून मी किती वेळ घेतोय याकडे लक्ष ठेवून असलेल्या आमच्या सौभाग्यवती,

आपण माझ्याविषयी इतकं चांगलं बोललात की मध्येच वाटलं, निवृत्त होणारा दुसराच कोणी असावा. एकतीस वर्षं मी एकच काम केलं. पुढच्या वर्षी शहरात माणसं किती असतील आणि त्यांना पाणी किती लागेल, याचा अंदाज बांधायचा. दर वर्षी माणसं वाढली, तलाव तेवढाच राहिला. त्यामुळे माझं मत पक्कं झालं, की माणसं फार झाली.

आमच्या सौभाग्यवती याच इमारतीत, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायच्या. त्यांचं म्हणणं उलट. "माणसं जास्त नाहीत हो, घाण जास्त आहे. वर बसून डोकी काय मोजता, खाली येऊन या बाटलीचा वास घ्या." डबा खाताना हा वाद असा रंगायचा, की मंडळी खुर्च्या ओढून बसायची. शेवटी जिंकलं कोण, असं आजही विचारतात. काय सांगणार?

कारण तो वाद रिकाम्या डब्याबरोबर घरी यायचा. तिला मूल हवं होतं. मी म्हणायचो, "आणखी एक तोंड कशाला? आधी आहेत त्यांना पुरू दे." ती म्हणायची, "एका बाळानं तलाव आटत नाही." मग मी आकडे काढून दाखवायचो. एका वर्षी तिनं विचारणं सोडून दिलं. मी वाद जिंकलो, आणि जेवताना घरात फक्त भांड्यांचा आवाज उरला.

विषयांतर झालं, पण खरं तर ते करायलाच उभा राहिलोय.

माझ्या जागी येणाऱ्या बाईंनी परवा माझे जुने तक्ते तपासले. संकोचून म्हणाल्या, "सर, राग मानू नका, पण दर वर्षी बेरजेत एक माणूस जास्त येतोय." चोवीस वर्षं त्या तक्त्यांवर थेट वरपर्यंत सह्या झाल्या, बेरीज कुणी केली नाही. साहेब, हे आपल्याला उद्देशून नाही.

बाई, ती चूक नजरचुकीची नाही. हिनं विचारणं सोडलं त्या वर्षापासून मी तो एक धरत आलो. त्याच्या वाट्याचं पाणीही धरलं. मुलगीच, असं मी ठरवून टाकलं होतं. आज चोवीसची असती. दात घासताना नळ उघडा ठेवणारी, माझी बोलणी खाणारी, वादात आईची बाजू घेणारी. संध्याकाळी आम्ही दोघं तलावाच्या काठानं फिरतो, तेव्हा मध्ये एका माणसाची जागा राहते. तिथं ती असावी असं मला फार वाटतं, रोज वाटतं. हे घरी बोलायची कधी हिंमत झाली नाही. इथं तुम्ही सगळे आहात, म्हणून धीर आला.

अगं, बस. उठू नकोस, संपतच आलंय.

अध्यक्ष महोदया, आपणा सर्वांच्या प्रेमाबद्दल मी मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात, वागण्यात काही उणं राहिलं असेल तर पोटात घाला. आणि बाई, माझ्या बाकीच्या चुका खुशाल सुधारा, तो एक आकडा तेवढा राहू द्या. पाणी पुरेल तिला. हा माझा शेवटचा अंदाज.