बॉनेटबाहेर आलेली काडी

हसू नका, पण माझं लग्न जमलं ते इंजिनातलं तेल बघायच्या काडीमुळं. जुन्या जीपला मोठं इंजिन टाकलं. बाकी सगळं बसलं, पण त्या काडीची नळी काही केल्या बसेना. ठोकून ठोकून एकदाची बसली, तर बॉनेट लागेना. मिस्त्रीनं वैतागून बॉनेटलाच भोक पाडलं आणि नळी वर काढली. झालं! श्रीगोंद्यात येणारा-जाणारा काडी उपसून माझ्या गाडीचं तेल बघायला लागला.

तीच जीप घेऊन आम्ही नेवाशाला मुलगी बघायला गेलो. खाली उतरतोय तोच मुलीच्या वडिलांनी काडी उपसली, टॉवेलला पुसली, परत बुडवून बघितली.

"पाव्हणं, तेल लई कमी हाय. गाडीची ही निगा, मग आमच्या पोरीचं काय?"

तेवढ्यात दारातून मुलगीच म्हणाली, "आबा, गाडी आत्ता तर बंद झालीय. तेल खाली उतरू द्या, मग बघा."

चहापाणी झाल्यावर आबांनी पुन्हा काडी काढली. तेल बरोबर खुणेपर्यंत होतं. आबा माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी व्हय म्हणतीय. पण पोराला का इंजिनाला, तेवढं इचारून घ्या."

लग्न झालं. विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.