रिकामं टोपलं

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात वर्ध्याच्या दवाखान्यात देवी टोचायची रांग लागली होती. गुडघ्याच्या औषधासाठी एकटीच आलेली चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी रांगेत एक म्हातारी आणि एक तरणा गडी बोलत होते.

“काहो भाऊ, पोरीले टोपल्यात काऊन ठेवलं?”

“टोपल्यात चूप राह्यते, मावशी.”

“चूप कुठं? कवाची रडून राह्यली.”

“रडते, मंग थकते. मी बी असाच वाढलो. माय जिनच्या कारखान्यात कापूस येचे, मी बाजूले टोपल्यात. हातचं काम सोडलं का मुकादम वरडे. मायनं उचललंच नाई कधी.”

“अन् हिची माय?”

“बाळंतपणातच गेली.”

“मंग तुमी घ्या ना तिले.”

“मले घेता येत नाई. हातातून पडन असं वाटते.”

“नाई पडत. एक हात खाली लावा. मान खांद्यावर येऊ द्या. आता छातीशी धरा. अजून जवळ, भाऊ, अजून.”

चतुराबाईनं आपले मोकळे हात पदराखाली घेतले. पोरीचं रडणं हळूहळू थांबलं.

आतून नर्सबाईनं हाक मारली. म्हातारी म्हणाली,

“उठा भाऊ, तुमचा नंबर आला.”

“मावशी, दुसऱ्या कोणाले जाऊ द्या आधी.”

“काऊन? झोपली का पोरगी?”

“नाई. जागीच हाय.”

“मंग?”

“थोडं असंच बसू द्या मले.”