माज्या किकनं गेलेलं बोट

माजा जन्म सारसोळ्याचा, खाडीच्या काठावरचा, आनि माजी आय सांगायची की जन्मलो तेव्हा मी रडलो नाय, पहिली लाथच मारली, ती अशी की सुईनीच्या हातातलं घंगाळ उडालं ते शेजारच्या अंगनात सुकत घातलेल्या बोंबलांत जाऊन पडलं. यातलं अर्धं तुमी सोडून द्या, माजं सगळंच अर्धं सोडायचं असतं, गावात लहान पोरालाबी म्हाईत हाय. पन लाथेचं खरं हाय. बापूस मला होडीत घ्यायचा नाय, म्हनायचा या नारायनाचे पाय गप बसत नाय, एक दिस सगळ्यांना बुडवंल. मग तो जाळं घेऊन गेला की आमी ओहोटीची वाट बघायचो, मिठागराच्या बाजूला चिखल वाळून कडक व्हायचा, तिथं दोन जुनी वल्ही रोवायची, झाला गोल. अनवानी. एकदा मी अशी किक मारली की बॉल खाडी ओलांडून उलव्याला गेला आनि संध्याकाळच्या भरतीला परत आला, आत एक बोईट मासा घेऊन. ते बोईट आमी भाजून खाल्लं.

हसा, हसा तुमी. मी लोकांना हसवतच मोठा झालो, आनि त्यातच गेलो, ते पुढं सांगतो.

तर नवीन शहर उठलं, जमिनी गेल्या, खाडीत कारखान्यांचं पानी आलं, जाळ्यात म्हावरं कमी न प्लास्टिक जास्त, बापूस म्हनाला आता तुज्या पायांवरच घर चालनार, बघ काय करतोस. गावदेवीच्या जत्रंला फुटबॉलची स्पर्धा असायची, पहिलं बक्षीस बोकड. त्या वर्षी मी एकट्यानं अकरा गोल मारले, म्हंजे चार मारले, आनि बोकड खांद्यावर घेऊन निघालो तर एक पँट-शर्टवाला मानूस आडवा आला. रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीचे स्पोर्ट्स ऑफिसर, देशमुख साहेब. म्हनाले, बोकड किती दिवस पुरेल, नोकरी करतोस का. तेव्हा त्या पट्ट्यातल्या कंपन्यांची आपली लीग होती, प्रत्येक कंपनीची टीम, शनवारी मॅच, लोक भिंतींवर चढून बघायचे. मला कागद दिला, त्यावर लिवलेलं हेल्पर, आनि खाली बारीक अक्षरात, खेळाडू म्हनून निवड. बापसानं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. वाचला कोनीच नाय. देवानंबी नाय वाचला वाटतं.

आता दिवस कसा असायचा ते नीट ऐका, कारन सगळं त्यावरच हाय. सकाळी आठला कार्ड पंच करायचं, मागच्या मैदानावर साडेदहापर्यंत प्रॅक्टिस, मग बूट काढायचे, गमबूट घालायचे आनि सरळ फिलिंगला. तिथं पाइपानं ड्रममधे रंग भरायचा, झाकन ठेवायचं, प्रेसखाली सरकवायचं, प्रेस खाली येऊन झाकन दाबतं, मग तो ड्रम उचलून गाडीवर. पाच वाजेपर्यंत हेच. शनवारी मॅच असली तर दुपारी सुट्टी, आनि रविवारी कंबर सरळ व्हायची नाय. मैदानावर लोक मला बघायचे न म्हनायचे काय मांड्या हायत याच्या, मी म्हनायचो म्हावरं खाऊन झाल्या. म्हावरं कसलं, ड्रम उचलून झाल्या. पन सेंटर फॉरवर्डनं असं सांगायचं असतं का, तुमीच सांगा.

आमचा गोलकीपर दत्तू. कोपरखैरन्याला राह्यचा, आईबाप नांदेडकडून आलेले, मानूस असा की दिवसाला दहा शब्द बोलंल, त्यातले आठ पोरींनो जेवलात का. दोन मुली त्याला. फिलिंगला मी ड्रम भरायचो, तो प्रेसवर. मला म्हनायचा, नाऱ्या, तुझा बॉल अन् तुझी जीभ, दोन्ही बारच्या वरूनच जातेत. आमची दोस्ती अशी की मी बोलायचं न त्यानं ऐकायचं, दोघांचंबी पोट भरायचं.

एका दुपारी ते झालं. सकाळच्या प्रॅक्टिसमधे त्यानं माज्या सात किका अडवलेल्या, मी त्याला चिडवत होतो, पन ते काय कारन नाय, कारन प्रेसचं होतं, तिचा दांडा दोन आठवडे अडकत होता न सगळ्यांनी सांगून झालेलं. झाकन तिरपं बसलं म्हनून त्यानं सरळ करायला हात घातला आनि प्रेस आपली आपन खाली आली. उजव्या हाताचं पहिलं बोट, अर्धं. ड्रममधे पांढरा रंग होता, तो गुलाबी होत गेला, आमी दोघंबी त्या रंगाकडंच बघत राह्यलो. तो ड्रम नंतर फेकला का विकला, मला म्हाईत नाय. कुनाच्या तरी घराची भिंत असंल.

देशमुख साहेब धावत आले. वाईट मानूस नव्हता, पन घाबरट. म्हनाले, दत्तू, मशीनचा अपघात लिहिला तर इन्स्पेक्टर येतील, वरचे लोक म्हणतील खेळाडूंना मशीनवर कोणी ठेवलं, टीमच बंद करतील, आपण प्रॅक्टिसमध्ये लागलं असं लिहू, दवाखाना सगळा कंपनीचा. दत्तूनं माज्याकडं बघितलं. मी म्हनालो लिवू दे ना, टीम राह्यली पायजे. तो मानेनं हो म्हनाला.

आनि मग मी काय केलं. त्याची गोष्ट केली. कँटीनमधे कोनीतरी विचारलं प्रॅक्टिसमधे बोट कसं काय गेलं रे, मी म्हनालो माजी किक अडवायला गेला, बॉल जाळ्यात गेला न बोट बॉलसोबत. हसले सगळे. दुसऱ्या दिवशी गोष्टीत बोट जाळ्याला चिकटलेलं, महिन्याभरानं कावळा ते घेऊन उडाला न मी दुसऱ्या किकनं कावळा पाडला. लीगच्या सगळ्या मैदानांवर पोचली ती गोष्ट. समोरचे कीपर माजी पेनल्टी असली की आपली बोटं आत ओढायचे, खरं सांगतो. आनि दत्तूबी हसायचा, हात पुढं करून दाखवायचा, बघा, नाऱ्यानं खाल्लं. तो हसायचा म्हनून मला वाटलं चाललंय ते बरं चाललंय. साडेनऊ बोटांनी तीन वर्षं गोलमधे उभा राह्यला तो.

मग कंपनीचे मालक बदलले. नव्या लोकांना फुटबॉल नको होता, जागा पायजे होती, मैदानावर गोडाऊन. आमाला अकरा जनांना अकरा पाकिटं. खेळाडू म्हनून घेतलं होतं, टीम बंद, म्हनून तुमचं काम संपलं. देशमुख साहेबांनाबी पाकीट, ते पुन्याला निघून गेले. आमी म्हनालो ठीक हाय, दुसऱ्या टीमकडून खेळतो, तुर्भ्याची एक कंपनी घ्यायला तयार होती, निम्म्यांना तरी. गेलो लीगच्या ऑफिसात. सेक्रेटरी म्हनाला, जुन्या कंपनीचं सोडपत्र आणा, त्याशिवाय दोन सीझन बसावं लागेल, नियम आहे. कंपनीत गेलो, ते म्हनाले टीमच नाही तर सोडपत्र कोण देणार, तुम्ही लीगचे खेळाडू, लीगला विचारा. लीगला विचारलं तर म्हनाले आमच्या फॉर्मवर तुम्ही सह्या केल्यात की आम्ही हौशी आहोत, खेळून पोट भरत नाही, म्हणजे तुम्ही कंपनीचे कामगार, कंपनीला विचारा. सह्या केल्या होत्या, दर वर्षी, वडापाव खाता खाता, बाकावर फॉर्म ठेवून. काय सांगू तुमाला, उभ्या आयुष्यात एवढी पासिंग बघितली नाय मी. आनि बॉल कोन, तर आमी.

मी तेव्हा अठ्ठावीसचा. खेळाडूचं अठ्ठावीस म्हंजे दुपारच्या उन्हातलं म्हावरं, दिसतं ताजं पन गिऱ्हाईक वास घेऊन पुढं जातं. दोन सीझन बसायचं म्हंजे संपलंच.

ठान्याच्या लेबर कोर्टात केस टाकली, कंपनीवर न लीगवर दोघांवर. वकील सावंतबाई, बारीक चनीच्या, पन कोर्टात आवाज असा की पंखा थांबंल. त्या म्हनाल्या, आपल्याला एकच गोष्ट सिद्ध करायची, तुम्ही हाताने काम करत होता. हाताने काम केलंत तर तुम्ही कामगार, कामगाराला असं काढता येत नाही, नोकरी परत, आणि मग लीगलाही तुम्हाला अडवता येणार नाही. हजेरीपुस्तकं कंपनीकडे आहेत, ती ते दाखवणार नाहीत, म्हणून साक्ष लागेल. दत्तूला उभा करा, त्याचा हातच बोलेल. दत्तू म्हनाला, बाई, मला चारचौघांत बोलायला जमत नाही, नाऱ्या बोलंल. आनि बाकीचे नऊ जनबी म्हनाले, नाऱ्याच, नाऱ्याचं तोंड लीगमधे एक नंबर. असा आमचा डाव. बाई माज्याकडं बघत राह्यल्या, म्हनाल्या, म्हात्रे, विचारलं तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. मी म्हनालो बाई, गावदेवीची शपथ.

साक्षीच्या दिवशी कंपनीचे वकील मला विचारायला उठले, म्हातारे, पांढरे केस, गोड मानूस. मी वाट बघत होतो की ओरडतील, दाबतील. ते हसले न म्हनाले, म्हात्रे, मी तुमचा खेळ बघितलाय हो, तुर्भ्याच्या मैदानावर, अर्ध्या मैदानावरून मारलेला गोल, माझ्या नातवाला मी अजून सांगतो. आता दीड वर्ष झालं होतं मला मैदानावर पाय ठेवून. दीड वर्ष कोनी माज्याशी गोलाबद्दल बोललं नव्हतं, घरी बायको तांदूळ कुठून आनायचा ते बोलायची, बापूस तर बोलायचाच नाय. आनि इथं कोर्टात, जजसाहेबांसमोर, एक शिकलेला मानूस माजा गोल आठवतोय. मी म्हनालो, साहेब, अर्ध्या नाय, पाऊन मैदानावरून.

हसले सगळे. जजसाहेबबी हसले. तिथंच मी गेलो.

ते म्हनाले, एवढा खेळ म्हणजे दिवसभर सरावच असेल, मशीनकडे जायला वेळ कुठला. मी म्हनालो, साहेब, असल्या पायांना मशीन दाखवतं का कोन. टाइपवाला टाइप करत होता, टकटक, टकटक, मला तो आवाज टाळ्यांसारखा वाटला. सावंतबाई उठून काय तरी बोलल्या, जजनं त्यांना बसवलं. मग म्हाताऱ्यानं एकदम हळू, कौतुकानं विचारलं, आणि ते खरं का हो, तुमच्या किकने एका गोलकीपरचं बोट गेलं म्हणतात.

दत्तू मागच्या बाकावर बसलेला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, हात खिशात. मला दिसत होता तो. आनि माज्या तोंडातून, तुमाला काय सांगू, हजारदा सांगितलेली गोष्ट हाय ती, तिला माजी गरज लागत नाय, ती आपली आपन चालते. मी म्हनालो, हो साहेब, बॉल जाळ्यात न बोट बॉलसोबत. कावळा नाय सांगितला. कावळ्याच्या आधी थांबलो.

म्हाताऱ्यानं दवाखान्याचा कागद पुढं ठेवला, प्रॅक्टिसमधे लागलं, आनि म्हनाला, बस, मला आणखी काही विचारायचं नाही.

सावंतबाईंनी मला परत विचारलं, म्हात्रे, नीट आठवून सांगा, बोट प्रेसमध्ये गेलं ना. मी म्हनालो हो, प्रेसमधेच. जजसाहेबांनी चष्मा काढला, म्हनाले, मग मघाशी खोटं बोललात की आता बोलताय. टाइप झालेला कागद समोर आला, वाचता का म्हनून विचारलं, मी न वाचता सही केली. वडापावच्या टायमाला करायचो तशी.

बाहेर पायऱ्यांवर बाकीचे नऊ जन माज्या अंगावर आले, एकानं कॉलर धरली, आईवरून शिव्या घातल्या, बरोबरच होत्या. दत्तूनं त्याला बाजूला केलं. माज्यासमोर उभा राह्यला न हात बाहेर काढला खिशातून, म्हनाला, नाऱ्या, आज खरंच तुझ्या किकनं गेलं बघ हे बोट. आनि मुलींच्या शाळेची वेळ झाली म्हनून निघून गेला.

निकाल आला, आमी कामगार नाय, खेळाडू. कंपनी सुटली. लीगबद्दल कोर्टानं लिवलं की खेळाडूंचा कंपनीशीच संबंध नाय राह्यला तर सोडपत्र मागू नये, म्हंजे आमाला खेळायला मोकळीक. तो कागद हातात आला तेव्हा मी एकतीसचा, गुडघा बाकड्यावरून उठताना वाजायचा, तुर्भ्याच्या कंपनीनंबी टीम बंद केलेली. जिंकलो म्हना हवं तर.

आता मी कोपरखैरन्यात एका सोसायटीच्या गेटवर असतो, खुर्ची, शिट्टी, वही. दत्तू तुर्भ्याच्या मार्केटात गोनी उचलतो. साडेनऊ बोटांनी गोनी घट्ट धरता येत नाय, म्हनून पाठीवर जास्त घेतो. रस्त्यात भेटतो, बोलतो, चहाबी पाजतो. पन मी गोष्ट सांगायला लागलो की हसत नाय तो. बाकी जग हसतं, तो हसत नाय, तर मलाच गोष्टीत मजा राह्यली नाय.

सावंतबाईंनी वरच्या कोर्टात अर्ज टाकलाय. म्हनाल्या, काही होईल असं वाटत नाही म्हात्रे, पण खरं काय ते एकदा कुठेतरी लिहून ठेवा. म्हनून तुमाला बसवलं, नायतर मी काय सांगायला मानूस शोधत नाय. तर लिवा. मी नारायन म्हात्रे, रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत सहा वर्षं साडेदहा ते पाच ड्रम भरले न उचलले. दत्तू प्रेसवर होता. प्रेसचा दांडा अडकत होता ते मला म्हाईत होतं, सगळ्यांना म्हाईत होतं. त्याचं बोट प्रेसमधे गेलं, माज्या किकनं नाय. त्या दिवशी सकाळी त्यानं माज्या सातच्या सात किका अडवल्या होत्या, दाही बोटांनी. ते सात खरे हायत, त्यातलं अर्धं सोडू नका.

तुमी लिहिनारा मानूस, गावदेवी तुमची दाही बोटं शाबूत ठेवो. आता सगळं मोठ्यानं वाचून दाखवा मला, पहिल्यापासून, घाई नाय. ऐकतो, मग सही करतो.