हरवली तर?

...आणि वर मलाच विचारतोय, "मावशी, पेटी हरवली तर?" अरं, हरवली तर काय, हरवली तर! बाई दारातनं पाऊल टाकतीया, हातावर दही पडलंय, आणि ह्या वक्ताला तोंडातनं काढायचं ते हे? तुम्हीच सांगा बायांनो, निघताना आपण "जाते" सुद्धा म्हणत न्हाय, "येते" म्हणतो... आणि ह्यो बाळासो! शेजारच्या शालूबाईचा ल्योक, परवापर्यंत आमच्या अंगणात नागडा पळायचा, आता कोट घालून प्रवासातल्या सामानाचा विमा विकतोय!

अपशकुन झाला की माघारी फिरायचं, पाटावर टेकायचं, घोटभर पाणी, परत दही. टेकले. उठले. उंबऱ्यात आले, तर म्हणतोय, "बरं, चोरीला गेली तर?"

परत पाटावर!

पेटीत हुतं काय एवढं? चटणीचा डबा, दोन लुगडी आणि एक वाकळ. पर ती वाकळ! पुण्यात माझ्या लेकीच्या, विमलाच्या पोराचं बारसं, दुसऱ्या दिवशी सकाळी. नवस बोलून बोलून माझी जीभ झिजली, तवा कुठं त्या घरात पाळणा हाललाय. पोराला पाळण्यात पयलं घालायचं ते ह्याच वाकळंवर. माझ्या आईचं, सासूचं आणि माझं, तिघींच्या लुगड्यांची शिवलीया. दोघी विहिणी जित्यापणी कधी एका सतरंजीवर बसल्या न्हाईत, आता बघा कशा गप पडल्यात एकीला एक चिकटून!

"किंमत काय लिहू, मावशी?"

"लाख लिही."

"लाखाचा हप्ता भरायला घर विकाय लागंल! आणि जुन्या चिंध्यांस्नी कोण..."

"चिंध्या? चिंध्या तुझ्या कोटाच्या हुतील, बाळ्या!"

मी शाळेची पायरी चढले न्हाय, चुलीम्होरं राखंत अक्षरं गिरवून वाचाय शिकले. हिसकला कागद त्याच्या हातातनं आणि त्यालाच वाचून दाखवला, खणखणीत. पावसानं भिजलं तर भरपाई न्हाय. उंदरानं कुरतडलं तर न्हाय. मालकाच्या हलगर्जीनं गेलं तर न्हाय. मग ऱ्हायलं काय रं? भुतानं नेलं तर देणार व्हय?

कागद घडी घालून खिशात कोंबला त्यानं. पर खरं सांगू? किडा शिरला तो शिरलाच की डोक्यात! टांग्यात माझा हात पेटीवरनं हलंना. घ्यावा का विमा? घेतला, तर पैसं येतील, वाकळ येईल का? न्हाय. मग कशाला घ्यायचा? न्हाय घ्यायचा, ठरलं! ...मग जीव का थाऱ्यावर न्हाय? टांगेवाला म्हणतोय, "आज्जी, पेटीत नाग हाय काय?"

स्टेशनात माझा भाचा हंबीरराव, सोबतीला निघालेला, त्यानं पेटी डब्यात चढवली. मी दांडी धरली, पाऊल उचललं... आणि मागनं धापा टाकत कोण? बाळासो! "मावशी, अजून येळ हाय! गाडी उलटली तर?"

आता बोला! आख्ख्या गाडीला अपशकुन! पोरंबाळं बसल्याती आत. रीत सोडून चालतंय व्हय? पाट नव्हता, बाकड्यावर टेकले. तांब्या तोंडाला लावला.

हंबीरराव खिडकीतनं बोंबलतोय, "आत्ती, ऊठ की! शिट्टी झाली!"

"आले रं, घोट तर गिळू दे!"

घोट गिळला. गाडी गेली.

पेटी गेली, बायांनो, बिनविम्याची, बिनमालकिणीची! दुसरी गाडी पोचणार ती बारसं उरकल्यावर. मी आपली बाकड्यावर, हातात तांब्या.

काल हंबीरराव माघारी आला. म्हणाला, पेटी सुखरूप, चटणी सुद्धा सांडली न्हाय. वाकळंवर बाळ असं निजलं, की कानात नाव सांगताना कुर्र केलं तरी डोळा उघडला न्हाय. सगळ्या बाया विचारत हुत्या, आज्जी कुठं हाय?

गेले तशी शालूबाईच्या दारात. "बाळासो, बाहीर ये! पेटी पोचली, मालकीण हरवली, ह्याला काय हाय का तुझ्या विम्यात?"

मेल्यानं कागद काढला, बोट फिरवलं, आणि खाली मान घालून म्हणतोय, "न्हाय मावशी... मालकाची हलगर्जी."

मीच वाचून दाखवलेलं त्याला.